फाटकावर कोण ठरवतं?

सहलींचा हंगाम आला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूरच्या शाळांतून गाड्या सुटतात आणि पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागतात. उत्तरेला वळलं तर कणेरी मठ, रंकाळा, पन्हाळा आणि पालकांनी पैसे भरले तर थेट खोपोलीजवळचं इमॅजिका. दक्षिणेला वळलं तर भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय, आणि हौस दांडगी असेल तर बेंगळुरूचं वंडरला. पूर्वी मुंबईची सहल म्हटली की गोराईचं एस्सेल वर्ल्ड ठरलेलं असायचं. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं.

‘इथं नियम कुणाचा चालतो?’ हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला नवा नाही. कोगनोळीच्या पुढं दूधगंगा ओलांडली की राज्य बदलतं. निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेज प्रत्यक्षात उभं आहे अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. मुलगा सकाळी कर्नाटकात चहा पितो, महाराष्ट्रात तास करतो आणि जेवायला परत कर्नाटकात येतो. दुकानाची पाटी, बसचा पास, शाळेचं माध्यम, दाखल्याची भाषा, सगळ्यांत राज्यांचे नियम वेगळे.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतं. मनोरंजन पार्कातल्या मोठ्या राइडच्या तोंडाशी एक फलक असतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं वा पाठीचं दुखणं असलेले, गरोदर स्त्रिया, मद्यपान केलेल्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांनी बसू नये, अशा थाटाचा मजकूर त्यावर असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, यादी तीच. त्या यादीतल्या दारू प्यालेल्या माणसाची अडचण निदान संध्याकाळपर्यंत उतरते.

‘अपंग’ या एका शब्दात किती माणसं कोंबली आहेत ते पाहण्यासारखं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत; आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सात होते. पोलिओने पाय गेलेला त्यात आहे आणि कुष्ठरोगातून बरा झालेलाही. कर्णबधिर आहे, ठेंगणी व्यक्ती आहे, अॅसिड हल्ल्यातून वाचलेली स्त्री आहे, हिमोफिलियाचा रुग्ण आहे, आणि अक्षरं उलटसुलट दिसणारा, अध्ययन अक्षमता असलेला सातवीतला मुलगाही आहे. फलक शब्दशः वाचला तर या मुलाला रोलर कोस्टरवर बसता येणार नाही. पण त्याला कुणी अडवत नाही, कारण त्याचं अपंगत्व लांबून दिसत नाही. अडवलं जातं कॅलिपर घातलेल्याला, कुबडीवाल्याला, पांढरी काठी हातात असलेल्याला, चाकाच्या खुर्चीतल्याला आणि चेहऱ्यावरून डाउन सिंड्रोम ओळखू येणाऱ्याला. हिमोफिलियाच्या मुलाला एखाद्या राइडचा दणका खरोखर महागात पडू शकतो. तो मात्र सहज आत जातो.

आमच्याकडे हा प्रश्न फाटकापर्यंत पोचतच नाही, कारण तो आधी वर्गातच मिटतो. सहलीच्या यादीत नाव घालताना बाई प्रेमानंच म्हणतात, ‘‘बाळा, तुला फार चालावं लागेल, तू नको येऊस.’’ बाईंच्या मनात वाईट काही नसतं. पालकही मान डोलावतात. आणि एखादा पोरगा हट्टानं आलाच, तर पार्कात त्याच्याकडे ठरलेलं काम येतं: चाळीस जणांच्या बॅगा, चपला आणि पाण्याच्या बाटल्या बाकावर सांभाळत बसणं. अशा गोष्टींचे खटले होत नाहीत. ना पावती, ना नकाराचं पत्र, ना साक्षीदार. मनोरंजन पार्कांवरचे अपंग प्रवेशाचे गाजलेले खटले अमेरिकेत दिसतात आणि इथं जवळपास नाहीत, यावरून तिकडची माणसं भांडखोर आणि आपली समजूतदार असं कुणी म्हणू नये. खटला व्हायला आधी माणूस फाटकापर्यंत जावा लागतो.

कायद्याच्या कागदावर आपण मागं नाही. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचं तिसरं कलम सांगतं की अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. करायचाच असेल तर त्यामागचा हेतू रास्त असला पाहिजे आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात असला पाहिजे. एकोणतिसाव्या कलमात संस्कृती आणि मनोरंजन येतं. करमणुकीच्या उपक्रमांत अपंग व्यक्तींना सामील होता यावं म्हणून तंत्रज्ञान आणि साधनं विकसित करावीत असं त्यात चक्क लिहिलं आहे. चव्वेचाळिसावं कलम म्हणतं की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला मंजुरी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. सेहेचाळिसाव्या कलमानुसार सेवा देणाऱ्यांनी, मग ते सरकारी असोत की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सुगम्य करायची होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. हिशेब वाचकांनीच करावा.

दंडही आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. मोठ्या पार्कात एक एकत्र कुटुंब दिवसभर खाऊन-पिऊन, बसून, भिजून बाहेर पडलं तर पार्कच्या गल्ल्यात त्या पहिल्या दंडाएवढी रक्कम सहज जमा होते. या आकड्याला पार्कमालक कशाला घाबरेल?

आता सर्वोच्च न्यायालयाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयातला दावा म्हटलं की बेळगाव-निपाणीत सगळ्यांना एकच दावा आठवतो, महाराष्ट्रानं २००४ मध्ये कर्नाटकाविरुद्ध दाखल केलेला. त्याच्या तारखा मोजण्यात एक पिढी म्हातारी झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, त्याच न्यायालयात राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याची याचिका गेली. रस्ते, इमारती, वाहनं, सार्वजनिक जागा अपंगांना वापरता येतील अशा करा, एवढंच मागणं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं सरकारांना मुदती घालून आदेश दिले. मुदती सरल्या, काम अर्धवट राहिलं. मग हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडून प्रत्यक्ष परिस्थितीचा अहवाल मागवला गेला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठानं मुळावरच बोट ठेवलं.

दुखणं बारीक होतं, पण सगळं त्यातच अडकलं होतं. संसदेनं कायद्यात सुगम्यतेचे नियम करा असं म्हटलं होतं. सरकारनं २०१७ च्या नियमावलीतल्या पंधराव्या नियमात वेगवेगळ्या मार्गदर्शक तत्त्वांची यादी जोडून दिली. ही तत्त्वं शिफारशीच्या भाषेत लिहिलेली. करावं, करता येईल, शक्य तिथं करावं. न्यायालय म्हणालं की कायद्याला सक्ती हवी आहे आणि नियमात सल्ला आहे. म्हणून नियम १५ चा पहिला पोटनियम कायद्याशी विसंगत ठरतो. कुठल्याही परिस्थितीत पाळायचेच असे किमान निकष वेगळे काढा आणि तीन महिन्यांत नियम करा, असा आदेश झाला. ती मुदतही पाळली गेली नाही.

उताराचंच उदाहरण घ्या. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा असावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार हवा, दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, बँकांत, मंगल कार्यालयांत आणि बागांच्या फाटकाशी जो उतार दिसतो तो पुष्कळदा दोन पायऱ्यांवर टाकलेला सिमेंटचा ढिगारा असतो. खुर्ची वर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना तीन. तरी तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी खूण होते. सल्ला आणि सक्ती यांतला फरक असा त्या सिमेंटमध्ये दिसतो.

पैसा नाही, तंत्र नाही, ही सबब आमच्या भागात तरी चालू नये. निपाणीहून तासाभरात गाठता येणाऱ्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था काढली. अपंगत्वाचा १९९५ चा केंद्रीय कायदा यायला अजून अकरा वर्षं होती. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या या बाईंनी नोकरी केली, संस्था उभारली, वसतिगृहं आणि शाळा चालवली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठी घरांत वाचलं गेलं आहे.

पण पार्कवाल्यांची बाजू अगदी पोकळ आहे असंही नाही. त्यांच्याकडे एक शब्द असा आहे की समोरचा गप्प होतो: सुरक्षा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनच्या आगीत २७ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियात मोठी राइड तुटून पडली. या तिन्ही ठिकाणी अपघात झाले ते परवानगी, देखभाल, गर्दी आणि बेपर्वाईमुळे. अपंग माणसाला आत घेतल्यामुळे यांतला एकही झाला नाही. तरी अपघात झाला की पार्कांचे फलक लांबतात, कारण फलक लांबवणं सगळ्यांत स्वस्त.

खरा धोकाही असतो, आणि त्याचं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. जुलै २०११ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कात इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक तरुण सैनिक रोलर कोस्टरवर बसला. त्या राइडचा अडसर मांड्यांवर आणि पायांवर बसणारा. धरायला पायच नव्हते. गाडी उंच चढावावरून उतरताना तो बाहेर फेकला गेला आणि मेला. दोन्ही पाय असल्याशिवाय बसू नये असा नियम तिथं लिहिलेला होता. फाटकावरच्या माणसांनी तो पाळला नाही. सैनिकाला नाही कसं म्हणायचं, असं त्यांना वाटलं असेल. दयेनं दिलेला होकारही असा जीव घेतो.

म्हणून मला ‘सगळ्यांना सगळीकडे बसू द्या’ ही मागणी पटत नाही. मागणी वेगळी हवी: नाही म्हणायचं तर या राइडसाठी, या शरीराला, या कारणामुळे नाही, असं सांगा. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा आणि त्याखालचे नियम नेमकं हेच मागतात. सुरक्षेच्या अटी घालता येतात, पण त्या प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात. अंदाज, ठोकताळे किंवा अपंगांबद्दलच्या सरसकट समजुती यांवर नव्हेत. शिवाय तिथल्या २०१० च्या निकषांत राइडसाठी स्वतंत्र विभाग आहे. १५ मार्च २०१२ नंतर बांधलेल्या बहुतेक नव्या राइडमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी जागा, किंवा खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन, किंवा तसं बसवणारं साधन यांपैकी एक हवं. सरकून बसायच्या आसनाची उंचीसुद्धा ठरलेली आहे: जमिनीपासून चौदा ते चोवीस इंच.

एवढं असूनही तिथले खटले गुंतागुंतीचे झाले. कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल स्टुडिओजविरुद्ध हात किंवा पाय नसलेल्या दोन पाहुण्यांनी दावा लावला होता. त्यांना ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ या राइडवर बसू दिलं नव्हतं. २०१४ मध्ये निकाल पार्कच्या बाजूनं गेला. कारण महत्त्वाचं आहे: राइड बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत कुणी बसावं, कुणी बसू नये हे लिहिलेलं होतं आणि राज्याचा कायदा ती पुस्तिका पाळायला लावत होता. म्हणजे खरा निर्णय झाला होता तो फाटकापासून हजारो मैलांवर, राइडचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतल्या अनेक राइड परदेशातून येतात आणि त्यांच्यासोबत अशा पुस्तिकाही येतात. ती पुस्तिका ग्राहकाला दाखवा, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

डिस्नीचं प्रकरण आणखी निराळं. तिथं भांडण राइडचं नव्हतं, रांगेचं होतं. तासन्‌तास रांगेत उभं राहणं ज्यांना शक्य नाही अशा पाहुण्यांना डिस्नीच्या पार्कांत पूर्वी एक कार्ड मिळत असे आणि ते दाखवलं की लवकर आत जाता येई. २०१३ मध्ये बातमी फुटली की न्यू यॉर्कमधली काही श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तीला तासाच्या भाड्यानं बरोबर घेतात आणि तिच्या आडून रांग चुकवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नीनं पद्धत बदलली. कार्डधारकाला आता जेवढी रांग तेवढ्या वेळानंतरची परतीची वेळ मिळू लागली. तोवर बाहेर कुठंही बसा. कागदावर योग्य वाटतं. पण स्वमग्न मुलांच्या पालकांचं म्हणणं असं की आमच्या मुलाला एक ठरलेला क्रम लागतो, एका राइडनंतर दुसरी, मध्ये दीड तासाची पोकळी आली की तो कोसळतो. २०१४ पासून अशा कुटुंबांचे दावे उभे राहिले. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं प्रश्न पुन्हा खुला केला, आणि २०२० मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीश अॅन कॉनवे यांनी निकाल डिस्नीच्या बाजूनं दिला. २०२४ मध्ये डिस्नीनं ही सवलत मुख्यतः स्वमग्नता आणि तत्सम विकासात्मक अपंगत्वापुरती आखडली. मग चालण्याचं किंवा पोटाचं दुखणं असलेले लोक बाहेर राहिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात नवा सामूहिक दावा दाखल झाला. आधी ज्यांना सवलत अपुरी वाटत होती ते आता आत आणि बाकीचे फाटकाबाहेर.

आपल्याकडे पार्कातल्या रांगेच्या हक्कावर अजून कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही, पण रांग मोडायची सोय मात्र आली आहे: जादा पैशांचं फास्ट ट्रॅक तिकीट. पैसे असलेल्याला रांग मोडता येते, तर रांगेत उभं राहणंच ज्याला शक्य नाही त्याला का नाही, हा प्रश्न इथल्या पार्कांना कुणीतरी विचारायला हवा. देवस्थानं या बाबतीत पुढं आहेत. तिरुपतीला वृद्ध आणि अपंगांसाठी वेगळी दर्शन व्यवस्था आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते.

भारतात पार्कांतल्या अपंग प्रवेशाचे खटले जवळपास नाहीत, पण शेजारच्या दोन क्षेत्रांतले निकाल पार्कच्या फाटकावर जसेच्या तसे लावता येतात. पहिला विमानाचा. १९ फेब्रुवारी २०१२ ला सेरेब्रल पाल्सी असलेल्या शिक्षिका-कार्यकर्त्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ संस्थेनं गोव्यात भरवलेल्या परिषदेला त्यांना जायचं होतं. विषय अपंगांच्या हक्कांचा. स्पाइसजेटच्या विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आलं. तब्येत प्रवासाला योग्य दिसत नाही, हे कारण. दिसत नाही! १२ मे २०१६ ला न्या. ए. के. सिक्री यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पाइसजेटला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढं मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका अपंग मुलाला इंडिगोनं चढू दिलं नाही, तेव्हा विमान वाहतूक महासंचालनालयानं पाच लाखांचा दंड केला आणि नियमही बदलला: प्रवाशाची तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरनं तपासावं, त्याचं मत घ्यावं आणि मगच कंपनीनं ठरवावं. गणवेशातल्या कर्मचाऱ्याची नजर म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

दुसरा निकाल महाराष्ट्रातल्या मुलाचा, ऑक्टोबर २०२४ चा. ओंकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्याचं अपंगत्व होतं आणि टक्केवारी ठरलेल्या मर्यादेवर गेली म्हणून त्याचा वैद्यकीय प्रवेश अडला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नुसती टक्केवारी पाहून नाही म्हणता येणार नाही. हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे तपासा. डॉक्टर व्हायला निघालेल्याला जो न्याय, तोच आकाशपाळण्यात बसू पाहणाऱ्याला का नसावा?

आकाशपाळण्यावरून आठवलं. बेळगाव-निपाणीच्या बहुसंख्य माणसांचं थीम पार्क अजूनही जत्राच आहे. निपाणीचा उरूस, सौंदत्तीची यल्लम्मा, मंगसुळीचा खंडोबा. पाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स, मौत का कुआं, जनरेटरचा धूर आणि शेजारी भज्यांची कढई. तिथं फलक नसतो. पाळणेवाला कुबडीवाल्या पोराकडे एकदा बघतो, विचारतो, ‘‘धरून बसतोस न्हवं?’’ पोरगं मान हलवतं. पाळणेवाला पेटी खाली आणून थांबवतो, काका उचलून आत ठेवतो, आडवी सळई पडते, खिटी बसते. वर जाईस्तोवर त्याची नजर त्या पेटीवर असते आणि उतरवतानाही चाक पूर्ण थांबवूनच. अमेरिकेच्या नियमात आणि आपल्या न्यायालयांच्या निकालांत जी प्रत्येक माणसाची वेगळी तपासणी मागितली आहे, तिचा गावरान नमुना हाच: माणूस बघा, त्याला विचारा, बसवायची रीत बदला.

जत्रेचं फार कौतुक नको. तो पाळणा कालच दुसऱ्या गावाहून सुटा होऊन ट्रकमधून आलेला असतो. नट-बोल्टांची तपासणी कोण करतं आणि कितपत करतं, हे जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जत्रेत सोय आहे पण सुरक्षा नाही, पार्कात सुरक्षा आहे पण सोय नाही. आणि ‘धरून बसतोस का’ हा प्रश्न अंध मुलीला किंवा ऐकू न येणाऱ्याला लागू पडतच नाही. ऐकू न येणाऱ्याला अडवायचं कारण ‘सूचना ऐकू येणार नाहीत’ असं देता येतं. सूचना लिहून दाखवता येतात, हातानं खुणावता येतात, दिव्यानं देता येतात. बेळगावच्या माहेश्वरी अंध शाळेतली मुलं पार्कात गेली, तर गाडीत बसण्याआधी आसन, अडसर आणि उतरायची बाजू हातानं चाचपू देणं याला किती वेळ लागेल? सूचना ध्वनिफितीवर असतील तर त्या कन्नड, इंग्रजी, मराठी अशा लावता येतील. सीमाभागातल्या पोरांना यांतली एखादी तरी कळतेच.

वेगळं पार्क बांधा हे उत्तर आपल्याकडे लवकर सुचतं. २०२३ च्या सुरुवातीला नितीन गडकरी यांनी नागपूरच्या पारडी भागातल्या ‘अनुभूती’ या सर्वसमावेशक पार्कची घोषणा केली. सुमारे ९० हजार चौरस फूट, खर्च १२ कोटींच्या आसपास. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत २०१० पासून मॉर्गन्स वंडरलँड आहे. एका बापानं आपल्या मुलीसाठी उभारलेलं. अपंगांना तिकीट नाही, बाकीच्यांना आहे, आणि चाकाची खुर्ची तशीच आत घेणारे पाळणे आहेत. गोव्यात जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट भरतो. या सगळ्याचं स्वागत. पण निपाणीच्या मुलाला नागपूरला किंवा टेक्सासला जायचं नसतं. त्याला आपल्या वर्गाबरोबर, आपल्या वर्गाच्याच गाडीनं, आपला वर्ग जातो तिथंच जायचं असतं.

म्हणून पहिली हालचाल शाळेनं करावी असं मला वाटतं. गाडी ठरवण्याआधी मुख्याध्यापकांनी पार्कला एक पत्र पाठवावं: आमच्या मुलांत कॅलिपर लावणारा एक आहे, कमी दिसणारी एक आहे, कुठल्या राइडवर त्यांना बसता येईल, कुठल्यावर नाही, आणि नाही तर उत्पादकाच्या कुठल्या अटीमुळे, ते कळवा. खुर्ची मिळेल का, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे, सोबत्याला आत सोडाल का. या पत्राला उत्तर द्यायचं तर पार्कवाल्याला पुस्तिका उघडावी लागते. ती उघडली की अर्ध्या राइड आपसूक मोकळ्या होतील असा माझा अंदाज आहे. फलकावरचा ‘अपंग’ पुस्तिकेत बहुधा इतका ऐसपैस नसतो. तिथं उंची, पकड, पाय टेकवता येणं, मान सावरता येणं अशा मोजता येणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या असतात.

आणि तरी फाटकावर अडवलंच तर? मग सीमाभागातला जुना प्रश्न येतो, दाद कुठल्या राज्यात मागायची. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात अपंग व्यक्ती १३ लाखांवर होत्या, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर. या दोन राज्यांनी एकेका गावावर हक्क सांगत अर्धं शतक ओलांडलं, फाटकावरच्या पायरीवर मात्र कुणी हक्क सांगत नाही. कायद्यानं प्रत्येक राज्याला दिव्यांग आयुक्त दिला आहे. महाराष्ट्राचं आयुक्तालय पुण्यात, कर्नाटकाचं बेंगळुरूत. पार्क ज्या राज्यात त्या राज्याच्या आयुक्ताकडे तक्रार करायची. साक्षीदाराला बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण तो शिफारस करतो, आणि निपाणीहून पुण्याला हेलपाटे घालणं चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला सोपं नाही. लोकांसमोर मुद्दाम अपमान केला असेल तर कलम ९२ खाली फौजदारी गुन्हा होतो, सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा. पण ‘मुद्दाम’ हे सिद्ध करणं कठीण.

सीमाभागाच्या कामाचा कायदा खरं तर तिसराच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली: ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. पूर्वी समोरचा पक्ष जिथं धंदा करतो किंवा जिथं घटना घडली तिथं जावं लागे. त्यामुळे खोपोलीजवळच्या पार्कात घेतलेल्या तिकिटावरचा नकार निपाणीच्या कुटुंबाला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढं नेता येतो आणि अर्जुननगरात राहणाऱ्याला बेंगळुरूच्या पार्कातला नकार कोल्हापूरच्या आयोगापुढं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. बेळगावात काढलेलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, देशभर चालतं, त्यामुळे ‘आमच्या राज्याचा दाखला आणा’ हे उत्तर टिकत नाही. सोबत लागेल ते तिकीट, राइडच्या तोंडच्या फलकाचा फोटो, आणि नाही म्हणणाऱ्या व्यवस्थापकाच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी. चिठ्ठी द्यायला तो तयार होणार नाही. मग तिथूनच पार्कच्या ईमेलवर घडलेलं लिहून पाठवायचं, तारीख-वेळ घालून. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षं.